पोचवायला गेलेला राखणदार

आमच्या नवागामच्या घरात पूर्वेकडील भिंतीवर एक जुनी तसबीर टांगलेली आहे. मोडकळीस आलेल्या लाकडी पुलावरून दोन लहान मुले एकमेकांचा हात धरून चालली आहेत. खाली पाण्याचा लोंढा वाहतो आहे. आणि मुलांच्या मागे शुभ्र पंखांचा एक देवदूत दोन्ही हात पसरून उभा आहे. ही तसबीर ज्यांनी पाहिली नाही असे कॅथलिक घर विरळाच. आमची तसबीर आईने माहेराहून, संगमनेरकडून आणलेली. १९७२च्या दुष्काळानंतर वडिलांनी पोट भरण्यासाठी सुरतेची वाट धरली, तेव्हा गाठोड्यात दोन भांडी, एक घोंगडी, जपमाळ आणि ही तसबीर एवढेच आमचे वैभव होते. त्या वेळी मी दहा वर्षांचा होतो, आणि धाकटा भाऊ आईच्या कडेवर होता.

गेल्या २ ऑक्टोबरला, म्हणजे राखणदार देवदूतांच्या स्मरणदिनी, रात्रीची जपमाळ आटोपल्यावर माझी आठ वर्षांची नात त्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाली, “आजोबा, देवदूताला खरेच पंख असतात का?” मी हसून उत्तर देणार, तोच तिने दुसरा प्रश्न केला : “आणि तो जर सगळ्यांना राखतो, तर तुमच्या धाकट्या भावाला त्याने का नाही राखले?”

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मला माझ्या आयुष्याची काही वर्षे खर्ची घालावी लागली. त्या दोन्ही उत्तरांविषयी आज चार शब्द लिहितो.

देवदूताला पंख नसतात, कारण त्याला देहच नसतो. तो केवळ आत्मरूप आहे. आपल्याप्रमाणे त्याला बुद्धी आहे आणि इच्छाशक्ती आहे. परंतु भूक, थकवा, म्हातारपण आणि मरण ही त्याला नाहीत. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने, दृश्य सृष्टीप्रमाणेच अदृश्य आत्मिक सृष्टीही परमेश्वराने शून्यातून निर्माण केली, हे ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचे सत्य म्हणून घोषित केले. म्हणजे देवदूत हे लहान देव नव्हेत; तेही आपल्यासारखेच निर्माण झालेले, परमेश्वराचे सेवक आहेत. म्हणून आपण त्यांचा आदर करतो, त्यांची मध्यस्थी मागतो. आराधना मात्र एका परमेश्वराचीच करतो. चित्रकार पंख काढतात ते आज्ञा होताच ती पार पाडण्याची त्यांची त्वरा दाखविण्यासाठी. ती खूण आहे, अवयव नव्हे.

संत अगस्तीन यांनी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेविली आहे. ‘दूत’ हे त्यांच्या कामाचे नाव आहे, स्वभावाचे नव्हे. स्वभावाने ते आत्मे आहेत. पाठविले जातात म्हणून दूत म्हणावयाचे. ही गोष्ट आम्हां सुरतेच्या मराठी कॅथलिकांना चटकन उमगते. नगर जिल्ह्यातील मिशनात १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी मराठी मासिक सुरू केले, त्याचे नाव ‘निरोप्या’. गुजरातेत कॅथलिक कुटुंबांत शंभर वर्षांहून अधिक काळ जे मासिक वाचले जाते, त्याचे नाव ‘दूत’. आईच्या ट्रंकेत पहिल्याचे जुने अंक होते आणि शेजारच्या गुजराती ख्रिस्ती घरात दुसऱ्याचे. दोन्ही नावांचा अर्थ एकच : ज्याचा निरोप आहे त्याच्याकडून, ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे जाणारा.

पवित्र शास्त्रात अशा तीन निरोप्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. पवित्र मरियेकडे नासरेथास आलेला गाब्रिएल. दुष्टाशी झुंजणारा मिखाएल. आणि तरुण तोबियाला दूरच्या प्रवासात सोबत करून, त्याच्या आंधळ्या पित्याला दृष्टी देणारे औषध दाखवून, त्याला सुखरूप घरी आणणारा रफाएल. या तिघांचा सण २९ सप्टेंबरला येतो. याखेरीज इतर देवदूतांना आपल्या मनाने नावे ठेवू नयेत, असे ख्रिस्तसभेचे सांगणे आहे. ७४५ साली रोम येथील परिषदेने अशा कल्पित नावांचा निषेध केला होता, आणि २००१ साली रोमहून निघालेल्या लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शनातही तेच पुन्हा सांगितले आहे. हल्ली ‘तुमच्या देवदूताचे नाव जाणून घ्या’ असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्या नादी लागू नये, हेच बरे.

आपल्या मराठी मुलखालाही देवदूत काही परके नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्यातील ओव्यांत देवदूतांची निर्मिती आणि गर्वामुळे त्यांच्यातील काहींचे झालेले पतन ही कथा आली आहे. वसईत माणिकपूरचे, मुंबईत माहीमचे, गोव्यात हणजूण आणि ताळगाव येथील देवालये महादूत संत मिखाएल याच्याच नावाची आहेत. आमची आई निरक्षर होती; परंतु सिस्टरांच्या शाळेच्या ओट्यावर बसून ऐकलेला धर्मोपदेश तिच्या ध्यानी पक्का बसला होता. रोज रात्री ती आम्हां दोघा भावांना गुडघ्यांवर बसवून राखणदार दूताची प्रार्थना म्हणवून घेई, आणि शेवटी आमच्या दोघांची नावे घेई.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

वडील लवकर वारले. मी यंत्रमागाच्या खात्यात लागलो, आणि पुढे धाकटाही तेथेच लागला. नवागामच्या जवळून उधन्याहून जळगावकडे जाणारी रेल्वेलाईन जाते. खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे याच लाईनीने सुरतेस आली आणि तिच्या आजूबाजूलाच राहिली. १९९१च्या पावसाळ्यात एका रात्री धाकट्याला रात्रपाळीस जाण्यास उशीर झाला होता. फाटक बंद होते. पाऊस कोसळत होता. इतर जण करीत तेच त्याने केले. वाकून आडव्या दांडीखालून तो पलीकडे निघाला. तो पलीकडे पोचला नाही. त्याला एकोणीस वर्षे पुरी झाली होती.

त्याच्या दफनानंतर घरी आलो आणि मी ती तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेविली. आईने पाहिले, ती काही बोलली नाही. शेजारीपाजारी सांत्वनास येत. कोणी म्हणे, “तो आता देवदूत झाला.” ते ऐकून मला अधिकच संताप येई. ज्याने आपले काम केले नाही, त्याच्या पंक्तीस माझा भाऊ जाऊन बसला, यात समाधान ते कसले?

आई मात्र रोज रात्री प्रार्थना म्हणतच होती. आणि शेवटी नावे दोनच घेत होती, माझे आणि त्याचे. एके रात्री माझा तोल गेला. मी म्हणालो, “आई, आता त्याचे नाव कशाला घेतेस? त्याचा राखणदार त्या रात्री कुठे गेला होता?”

आईने जपमाळ बाजूला ठेविली. ती शांतपणे म्हणाली, “तो कुठे जाणार, लेकरा? तो पोचवायला गेला.”

मला ते एका भोळ्या बाईचे बोलणे वाटले. मी मिस्सेला जाणे जवळजवळ सोडले. त्या फाटकातूनही मी पुन्हा गेलो नाही. कामावर जाताना लांबच्या वाटेने वळसा घालून जाई.

काही महिन्यांनी एक वृद्ध फादर घरोघरी भेट देत आमच्या वस्तीत आले. त्यांनी पालथी तसबीर पाहिली आणि कारण विचारले. मी मनातील सारे कडू बोलून टाकले. त्यांनी मध्येच अडविले नाही. मग म्हणाले, “तुमच्या भावाविषयी लोक म्हणतात ते खरे नाही. माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. माणूस माणूसच राहतो. तुमचा भाऊ तुमचा भाऊच आहे, आणि शेवटच्या दिवशी तो त्याच देहाने उठेल अशी आपली श्रद्धा आहे. देवाचा पुत्र देवदूत झाला नाही, माणूस झाला. आणि देवदूतांची राणी म्हणून आपण जिला वंदन करतो ती एक मानवकन्याच आहे. माणसाला देवदूताची बढती कशाला हवी?”

हे ऐकून माझ्या मनावरील एक ओझे उतरले. तरी मी म्हणालो, “परंतु फादर, देव आपल्या दूतांना आपले रक्षण करण्याची आज्ञा देतो, पायाला ठेच लागू नये म्हणून ते आपल्याला हातांवर झेलतील, असे स्तोत्रातच म्हटले आहे ना?”

फादर म्हणाले, “म्हटले आहे. परंतु शुभवर्तमानात ते वचन प्रभू येशूला कोणी ऐकविले, ते आठवते का? सैतानाने. मंदिराच्या शिखरावर उभे करून तो म्हणाला, टाक उडी, दूत झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही. वचन देवाचे आहे. पण ‘देवदूत आहे, तेव्हा मला काहीच होणार नाही’ हा त्याचा अर्थ मोहात पाडणाऱ्याने लाविलेला आहे. पुढे गेथसेमनी बागेत प्रभूच्या घामाचे थेंब रक्तासारखे भूमीवर पडत होते, तेव्हा स्वर्गातून एक दूत आला खरा. त्याने दुःखाचा प्याला दूर केला का? नाही. त्याने प्रभूला बळ दिले. आपल्या प्रभूला जे मिळाले, त्याहून निराळे आपल्याला कसे मिळेल?”

मग आईचे ते वाक्य मी त्यांना सांगितले. भोळेपणा म्हणून ते हसतील असे मला वाटले होते. फादर काही वेळ स्तब्ध राहिले. मग त्यांनी सांगितले की निर्गमाच्या ग्रंथात परमेश्वर इस्राएलास जो दूत देतो, त्याला दोन कामे नेमून देतो : वाटेत राखण करणे, आणि सिद्ध केलेल्या स्थळी नेऊन पोचविणे. शुभवर्तमानातील दरिद्री लाजरस मेला, तेव्हा त्याला अब्राहामाच्या उराशी नेणारेही देवदूतच होते. आणि दफनाच्या विधीत, या जिवाला दूतांनी स्वर्गात न्यावे, अशी ख्रिस्तसभा शेकडो वर्षे प्रार्थना करीत आली आहे. फादर म्हणाले, “तुम्हांला पहिले काम तेवढे ठाऊक होते. तुमच्या आईला दोन्ही ठाऊक आहेत.”

बुद्धीला हे पटले. परंतु पटणे आणि मनात उतरणे यांत अंतर असते. तसबीर मी सरळ केली. फाटकाचा वळसा मात्र सुटला नाही.

१९९४चा सप्टेंबर सुरतेतील जुनी माणसे विसरू शकत नाहीत. प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. गाड्यांच्या टपांवरही जागा उरली नाही. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. प्रत्यक्षात देशभर मिळून मृतांची संख्या शंभरालाही पोचली नाही. परंतु भयाला आकडे कोठे ठाऊक असतात? आमची वस्ती बघता बघता ओस पडली. यंत्रमागांची खटखट थांबली. मी पत्नीला आणि मुलाला गावी पाठविले आणि आईला नेण्यासाठी तिची पिशवी भरली.

आई म्हणाली, “मी येत नाही.” शेजारच्या खोलीत धुळ्याकडची एक बाई होती. तिचे दिवस भरत आले होते. नवरा गावी गेलेला, तो गोंधळात परतू शकला नव्हता. तिला त्या गर्दीत गाडीत चढविणे म्हणजे जिवाशी खेळ. ती कानबाईची भक्त. आमच्या धर्माशी तिचा संबंध एवढाच की, नाताळात ती आमच्याकडे करंज्या करू लागे आणि श्रावणात तिच्या कानबाईच्या रोटांचा वाटा आमच्याकडे येई. आई म्हणाली, “तिचाही राखणदार आहे. पण त्याला हातपाय नाहीत. ते माझ्याकडे आहेत.” मग मीही राहिलो. आईला एकटी सोडणे मला शक्य नव्हते.

२९ सप्टेंबरला, महादूतांच्या सणाच्या दिवशी, आम्ही दोघांनी घरातच जपमाळ म्हटली. त्या रात्री आईने एक जुनी कथा सांगितली. रोममध्ये मोठी मरी आली असता संत ग्रेगरी यांनी लोकांची प्रार्थनायात्रा काढली, आणि एका गडाच्या शिखरावर संत मिखाएल आपली तलवार म्यानात घालताना त्यांना दिसला, ही ती परंपरागत कथा. ते साल ५९० होते आणि आज त्या गडावर देवदूताचा पुतळा उभा आहे, हे मी पुढे पुस्तकात वाचले. त्या रात्री आईच्या तोंडून ऐकताना मला रोम दिसले नाही; आमची ओसाड गल्ली दिसली.

१ ऑक्टोबरच्या मध्यरात्री त्या बाईला कळा सुरू झाल्या. रिक्षा नाही, शेजारी नाही, सुईण गावी गेलेली. मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची हातगाडी ओढून आणली, तीवर गोधडी अंथरली, आणि आम्ही निघालो. आई पुढे कंदील घेऊन, मी मागून गाडी ढकलीत. दवाखान्याची जवळची वाट त्या फाटकातूनच होती. मी थबकलो. वळसा घेतला तर अर्धा तास अधिक. आई वळून म्हणाली, “चल बाबा.”

फाटक उघडे होते. तरी आई रुळांपाशी थांबली, कंदील वर धरून तिने दोन्ही बाजूंना नीट पाहिले, आणि मगच पाऊल टाकले. ज्या ठिकाणी तिचा लेक गेला, तेथून ती दुसरीच्या लेकराला घेऊन चालली होती. हातगाडीची चाके रुळांत अडकली, तेव्हा मी खांदा लाविला. त्या क्षणी माझ्या पाठीशी कोणी उभे आहे असे मला दिसले किंवा ऐकू आले, असे मी म्हणणार नाही. मला काहीही दिसले नाही. एवढेच सांगतो की तीन वर्षे जे पाऊल उचलत नव्हते, ते त्या रात्री उचलले गेले.

दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक परिचारिका जागी होती. पहाटे त्या बाईला मुलगा झाला. तो दिवस रविवार, २ ऑक्टोबर. रविवारची उपासना श्रेष्ठ, म्हणून त्या वर्षी राखणदार दूतांचे स्मरण वेगळे होणार नव्हते. परंतु आमच्यापुरते ते झाले होते.

पुढे वस्ती पुन्हा भरली. त्या बाईचा नवरा परतला तो आईच्या पायांशी वाकला आणि म्हणाला, “माय, तुम्ही आमच्यासाठी देवदूत झालात.” आईने त्याला उठविले आणि जवळजवळ रागेच भरली : “मी दूत नाही, मी माणूस आहे. दूत आमच्याबरोबर होता, त्याला हात जोड.”

आई आता नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर येऊन सुरत बुडाली, त्याच्या आदल्या वर्षी ती शांतपणे गेली. तिच्या उशाशी बसून मी राखणदार दूताची प्रार्थना म्हटली, आणि शेवटी तिचे व धाकट्याचे नाव घेतले. या वेळी कोण कोणाला पोचवायला निघाले आहे, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

हे सारे नातीला तिच्या वयाला झेपेल इतके मी सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग आपण त्याला काय द्यायचे?” मुलांचे प्रश्न थेट असतात. संत बर्नार्ड यांनी याचे उत्तर तीन शब्दांत दिले आहे : तो जवळ आहे म्हणून आदर, तो आपले हित इच्छितो म्हणून भक्ती, आणि तो राखतो म्हणून विश्वास. मी तिला समजेल असे सांगितले : एकटी असताना त्याला लाज वाटेल असे काही करायचे नाही, झोपताना त्याचे आभार मानायचे, आणि भीती वाटली तर त्याला हाक मारायची. तिने लगेच पुस्ती जोडली : “आणि फाटक बंद असेल तर थांबायचे.”

होय, तेही. देवाने आपल्याला राखणदार दिला, तशीच अक्कलही दिली. एकाच्या भरवशावर दुसरीला सुट्टी देणे म्हणजे शिखरावरून उडी टाकणेच होय.

प्रिय वाचकहो, तुमच्याही घरात कदाचित अशी एखादी तसबीर असेल. कदाचित एखाद्याने ती माझ्यासारखीच रागाने पालथी घातली असेल. त्याला दोष देऊ नका. त्याच्यापाशी बसा, त्याच्या गेलेल्या माणसाचे नाव घ्या, आणि रात्रीच्या प्रार्थनेत ते नाव घेणे सोडू नका. ज्याला राखता आले नाही असे आपल्याला वाटते, त्याला पोचविले गेले आहे, ही आशा ख्रिस्तसभेने आपल्या हाती दिली आहे.

आमच्याकडे आता प्रार्थनेच्या शेवटी सात नावे असतात. ती नात म्हणते. दोन नावे तिने कधी न पाहिलेल्या माणसांची आहेत. ती मात्र ती सर्वांत आधी घेते.